गावातील जुन्या झाडांची मोजणी: एका वर्षाच्या प्रकल्प नोंदी

आमचे गाव गुहागर तालुक्यात खाडीच्या काठी आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात देवळामागची जुनी ओवळ, म्हणजे बकुळ, मुळासकट पडली. तिचा बुंधा केवढा होता यावर त्या संध्याकाळी पारावर जी चर्चा झाली तीत कोणी दोन माणसांची कव सांगितली, तर कोणी चार माणसांची. लाकूड तोवर तोडून नेलेले असल्यामुळे खरे काय ते ठरवण्याची सोय उरली नव्हती. बाकीच्या झाडांच्या बाबतीत तरी असे होऊ नये म्हणून निवृत्तीनंतर हे काम हाती घेतले. सोबत माझा पुतण्या आणि नववीतील तीन विद्यार्थी होते. ज्यांना आपल्या गावात असेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी, मुख्यतः आमच्या चुका वाचवण्यासाठी, या नोंदी ठेवल्या आहेत.

२९ ऑक्टोबर २०२३

आज फक्त यादी केली. सहाही वाड्यांत फिरून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला की तुमच्या वाडीतले सर्वांत जुने झाड कोणते. संध्याकाळपर्यंत ६३ नावे जमली. गावाच्या दृष्टीने झाड जुने ठरते ते त्याच्या आकारामुळे नव्हे, त्याच्याशी काही गोष्ट जोडलेली असल्यामुळे, हे घरी येऊन यादी वाचताना ध्यानात आले. उदाहरणार्थ, खालच्या वाडीतील एक साधारण जाडीचे जांभूळ केवळ तिथे पूर्वी तरीची होडी बांधली जात असे म्हणून यादीत शिरले होते.

म्हणून आम्ही नियम केला की ज्याचा घेर ३ मीटर किंवा अधिक तेच झाड नोंदवायचे. नियम सोपा होता आणि चुकीचाही होता, पण ती चूक कळायला मार्च उजाडला.

खर्च: तीस मीटरची फायबरची मोजपट्टी शृंगारतळीच्या बाजारातून ४८० रुपये, शिंप्याची पट्टी २० रुपये, जाड पुठ्ठ्याची नोंदवही ९० रुपये.

५ नोव्हेंबर २०२३

वनखात्यात झाडाची गोलाई छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. हे साडेचार फूट होतात. आम्ही तेच माप धरले आणि १.३७ मीटर लांबीची बांबूची काठी कापून घेतली. ही काठी वर्षभरातील सर्वांत उपयोगी वस्तू ठरली, आणि ती फुकटची होती.

दिवसभरात नऊ झाडे झाली. रात्री शिंप्याच्या पट्टीने माझ्या अंगणातल्या फणसाचा घेर पुन्हा तपासला तेव्हा दोन मापांत ८ सेंटिमीटरचा फरक आला. कारण शोधायला अर्धा तास लागला. फायबरच्या पट्टीचे शून्य तिच्या टोकाच्या पितळी कडीच्या बाहेरच्या कडेला आहे, आणि आम्ही मात्र जिथून पट्टी सुरू होते तिथून धरत होतो. त्यामुळे नऊही घेर ८ सेंटिमीटरने जास्त नोंदले गेले होते. वजाबाकी करून आकडे सुधारता आले असते, परंतु प्रत्येक वेळी मुलांनी पट्टी नेमकी कुठे धरली होती याची खात्री देता येत नव्हती. तेव्हा नऊही झाडे पुन्हा मोजायची ठरवली. पट्टी विकत घेताच तिचे शून्य कुठे आहे ते पाहावे. काही पट्ट्यांत ते कडीपाशी असते आणि काहींत चार बोटे आत असते.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळीमुळे एक रविवार गेला. आज आधीची नऊ झाडे पुन्हा मोजली आणि नवीन सात घेतली.

डोंगरउतारावरील झाडांनी दमवले. वरच्या वाडीतला रायवळ आंबा, आमच्या वहीत क्रमांक ४, जांभ्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा आहे आणि त्याच्या खालच्या व वरच्या बाजूच्या जमिनीत जवळजवळ एक मीटरचा फरक आहे. काठी खालच्या बाजूला टेकवली तर घेर ५.४१ मीटर येतो आणि वरच्या बाजूला टेकवली तर ५.०८ मीटर, कारण बुंधा मुळांकडे पसरत जातो आणि खालून मोजताना पट्टी त्या पसरलेल्या भागावर बसते. उतारावर काठी चढाच्या बाजूने धरायची ही वनखात्याची पद्धत मला ठाऊक होती, पण पहिल्या दिवशी तिची आठवण झाली नाही. आता प्रत्येक नोंदीपुढे काठी कोणत्या दिशेला टेकवली ते लिहितो. पट्टी बुंध्याला काटकोनात राहावी, मागच्या बाजूने खाली घसरू नये, म्हणून एक मुलगा केवळ झाडाला प्रदक्षिणा घालण्यासाठी नेमला आहे.

याच आंब्यावर हुमल्यांची, म्हणजे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, मोठी वस्ती आहे. पट्टी गुंडाळताना त्या मानेवर उतरल्या आणि पुतण्याने पट्टी सोडून दिल्यामुळे ते माप तिसऱ्यांदा घ्यावे लागले.

दुपारी जुन्या बंदरावरची गोरखचिंच मोजली. हे झाड मूळचे आफ्रिकेतले असून पूर्वीच्या समुद्री व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. वसईच्या किल्ल्यातही ते पाहायला मिळते. आमच्या गोरखचिंचेचा घेर ९.१६ मीटर भरला. बुंधा पोकळ आहे आणि आत दोन माणसे आरामात उभी राहतात. मुलांना तिथून बाहेर काढणे हेच त्या दुपारचे अवघड काम होते, आणि खरे सांगायचे तर मीही फारशी घाई केली नाही.

३ डिसेंबर २०२३

वडाला पूर्ण दिवस गेला आणि हाती घेर लागलाच नाही.

ग्रामदेवतेच्या देवळासमोरील वडाचा मूळ बुंधा कोणता हेच सांगता येत नाही. पारंब्या जमिनीत उतरून जाड झाल्या आहेत, त्यांतील काही मूळ खोडाला चिकटून एकजीव झाल्या आहेत, आणि आपण जे मोजतो ते एक खोड की अकरा पारंब्यांचा जुडगा याचे उत्तर पट्टी देत नाही. सकाळी आम्ही सर्व मिळून पट्टी फिरवली तर १३.७० मीटर आले. वेगळ्या दिसणाऱ्या तीन पारंब्या वगळून फिरवली तर ९.८५ मीटर. या दोन्ही आकड्यांना अर्थ नाही. हावडा येथील वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड याची साक्ष देतो. बुरशी लागल्यामुळे त्याचे मुख्य खोड १९२५ साली काढून टाकावे लागले, तरीही झाड पारंब्यांवर आजही पसरत आहे. जे खोड नसतानाही झाड राहते, त्याच्या घेरावर झाडाचा मोठेपणा ठरवणे फोल आहे.

शेवटी पर्णसंभाराचा विस्तार मोजायचे ठरवले. मध्यापासून आठ दिशांना पट्टी नेऊन शेवटच्या पानाच्या बरोबर खाली खूण करायची, आणि आठ अंतरांची सरासरी काढायची. खुणेसाठी आम्ही खुंट्या आणल्या होत्या, परंतु गुरवकाकांनी देवाच्या आवारात खुंटी ठोकायला मनाई केली, आणि ती योग्यच होती, कारण उथळ मुळे सर्वत्र पसरलेली आहेत. खुंट्यांऐवजी जांभ्याचे तुकडे ठेवले. सरासरी अंतर १७.४ मीटर आले, म्हणजे सावलीचे क्षेत्र सुमारे ९५० चौरस मीटर. गावात हा आकडा कोणाला समजला नाही. साडेनऊ गुंठे म्हणताच सर्वांना समजला.

वड, पिंपळ, नांद्रुक या वर्गातील झाडांना आता वहीत वेगळा रकाना आहे.

१७ डिसेंबर २०२३

आजची चूक सर्वांत महाग पडली. मोजलेली झाडे पुन्हा ओळखता यावीत म्हणून मी काल बाजारातून तांबडा ऑइलपेंट आणि ब्रश असे ३१० रुपयांचे सामान आणले आणि सकाळी चौदा झाडांवर क्रमांक रंगवले. दुपारी जेवायला बसतो न बसतो तोच अंगणात वीस माणसे जमली. रस्तारुंदीसाठी तोडायच्या झाडांवर असेच तांबडे आकडे पडतात हे कोकणात आता लहान पोरालाही माहीत आहे. महामार्गाच्या कडेचे वड अशा आकड्यांसह उभे असलेले सर्वांनी पाहिले होते आणि नंतर ते नाहीसे झालेलेही पाहिले होते. मी काय करतो आहे याची वाडीप्रमुखांना कल्पना होती, पण बाकीच्यांना नव्हती. एक काकी तर थेट म्हणाल्या, "गुरुजी, झाडं मोजतायसा की विकतायसा?"

संध्याकाळी देवळात बसून सर्व सांगितले, नोंदवही दाखवली आणि माफी मागितली. रंग खरवडून काढण्याचा विचार मुलांनी बोलून दाखवला, पण त्यात साल जखमी झाली असती, म्हणून आकड्यांवर चुना फासला. तो पहिल्या पावसात जाईल आणि खालचा तांबडा रंग पुन्हा दिसेल, हे माहीत असूनही दुसरा उपाय सुचला नाही. कामाला सुरुवात करण्यापूर्वी गावाची बैठक घ्यायला हवी होती. ती सात आठवडे उशिरा झाली.

क्रमांकासाठी आता जांभ्याचे चिरे वापरायचे ठरले आहे. चिरा झाडापासून दोन पावलांवर नुसता ठेवायचा, पुरायचा नाही.

७ जानेवारी २०२४

प्रत्येक भेटीत विचारला जाणारा पहिला प्रश्न वयाचा असतो, म्हणून त्याचा एकदा छडा लावायचे ठरवले.

आमच्या वरकस जमिनीतला एक साग मागच्या महिन्यात परवानगी घेऊन तोडला होता. वडिलांच्या वहीत त्याच्या लागवडीचे साल १९६२ असे आहे. बुंध्याचा काप पाण्याने ओला करून, रंध्याने गुळगुळीत करून आम्ही वलये मोजली तेव्हा ती ६१ भरली. सागाची वलये वर्षागणिक स्पष्ट पडतात आणि पुण्यातील हवामानशास्त्रज्ञांनी जुन्या पावसाच्या अभ्यासासाठीही ती वापरली आहेत, हे मला माहीत होते. तरीही आपल्या हाताने मोजून साल जुळते तेव्हा वाटणारा आनंद वेगळाच.

त्याच हुरुपात दुपारी शेजारच्या वाडीतल्या एका आंब्याच्या खुंटावर बसलो. पुतण्याने ७४ वलये मोजली, एका विद्यार्थ्याने ११०, आणि मी ५२. आंब्याच्या लाकडात रेषा आहेत, परंतु एक रेषा म्हणजे एक वर्ष असा नियम तिथे चालत नाही. एका वर्षात एकापेक्षा अधिक वेळा फुटणारी पालवी आणि मधले अस्पष्ट पट्टे यांमुळे गणती कोलमडते. वडाचा तर प्रश्नच नाही. शिवाय उभ्या झाडाला भोक पाडून वलये पाहण्याचे यंत्र मिळाले असते तरी ते मी वापरले नसते, कारण आपल्या दमट हवेत त्या भोकातून काय आत शिरेल ते सांगता येत नाही.

२८ जानेवारी २०२४

पुतण्याने इंग्लंडमधील ओक वृक्षांविषयीची माहिती शोधून आणली. तिथे जुन्या झाडांची देशव्यापी नोंदवही आहे, घेर दीड मीटर उंचीवर घेतात, आणि मोकळ्यावर वाढलेले झाड वर्षाला साधारण एक इंच घेर वाढवते, तर दाटीतले अर्धा इंच, असा अ‍ॅलन मिचेल या वृक्षतज्ज्ञाचा ठोकताळा आहे. शेरवूडच्या जंगलातील मेजर ओक या झाडाचे वय ८०० ते १००० वर्षे मानतात, आणि त्याच्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत. त्याची चित्रे पाहून मुले भारावून गेली, आणि लगेच तोच ठोकताळा आमच्या आंब्यांना लावून मोकळी झाली. क्रमांक ४ चा घेर ५.०८ मीटर, म्हणजे २०० इंच, म्हणून वय २०० वर्षे, असे वहीत पेन्सिलीने लिहूनही झाले.

तपासण्यासाठी आमच्याकडे एक झाड होते. आमच्या परसातला आंबा आजोबांनी घर बांधले त्या साली, १९३१ मध्ये, लावला, ही गोष्ट घराच्या कागदपत्रांतील टिपणात आहे. त्याचा घेर ३.८६ मीटर, म्हणजे १५२ इंच. ठोकताळ्याप्रमाणे वय १५२ वर्षे येते. प्रत्यक्षात ते ९३ आहे. थंड प्रदेशातल्या ओकचा हिशेब कोकणातल्या आंब्याला लागू पडत नाही, हे एका झाडाने दाखवून दिले. उलट आमच्या एका झाडावरून कोकणातल्या सर्व आंब्यांचा हिशेब मांडणेही तितकेच चुकीचे, कारण परसातल्या आंब्याला मोरीचे पाणी मिळते आणि कातळावरच्याला मिळत नाही. पेन्सिलीची नोंद खोडली. वयाच्या रकान्यात आता कागदपत्र असेल तर साल लिहितो, आणि नसेल तर कोणी काय सांगितले ते त्या व्यक्तीच्या वयासह लिहितो. "८१ वर्षांच्या आजींच्या लहानपणी एवढेच होते" ही नोंद मला "अंदाजे ३०० वर्षे" यापेक्षा अधिक किमतीची वाटते.

११ फेब्रुवारी २०२४

उंचीसाठी कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या वापरला. गुण्याची एक बाजू डोळ्याशी आडवी धरून मागे सरकत जायचे, तिरक्या कडेच्या रेषेत शेंडा आला की थांबायचे. तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक डोळ्याची उंची म्हणजे झाडाची उंची. आडवी बाजू खरोखर आडवी आहे का ते पाहण्यासाठी गुण्याला ओळंबा बांधला. सपाट जागेवर ही रीत चांगली आहे.

परसातल्या आंब्याची उंची या रीतीने २४.५ मीटर आली. संशय आला म्हणून माडावर चढणाऱ्या पाडेलीला ६०० रुपये देऊन वर पाठवले. त्याने शेवटच्या भक्कम फांदीवरून दगड बांधलेली दोरी सोडली आणि तिथून वरचा भाग आंबे उतरवायच्या घळीच्या काठीने मोजला. एकूण २०.६ मीटर भरले. दोरीचे १६० रुपये वेगळे. चार मीटरचा घोटाळा कुठे झाला ते जमिनीवर रेघा मारून पाहिल्यावर समजले: आम्ही ज्याला शेंडा समजत होतो ती आमच्याकडे चार मीटर झुकलेली जवळची फांदी होती, आणि खरा शेंडा तिच्या मागे लपलेला होता. पसरट माथ्याच्या सर्व झाडांत ही रीत उंची फुगवून सांगते. आता फांदीच्या टोकाच्या बरोबर खाली एक मुलगा उभा करतो आणि अंतर बुंध्यापर्यंत न घेता त्या मुलापर्यंत घेतो. किंजळ, ऐन यांसारख्या सरळसोट झाडांत मात्र फरक फार पडत नाही.

३ मार्च २०२४

देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, आज प्रथमच काम केले. आत जाण्यापूर्वी गुरवकाकांनी गाऱ्हाणे घातले आणि कौल लावला. कौल मिळायला दोन रविवार लागले आणि तोपर्यंत आम्ही थांबलो. रहाटीतली वाळकी काटकीही कोणी नेत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा राखीव राया अभ्यासून त्यांवर लिहिले ते याच प्रथेमुळे टिकलेल्या झाडांविषयी. चपला बाहेर काढून काम करायचे असल्यामुळे वेग निम्मा झाला.

आणि इथे आमचा ३ मीटरचा नियम मोडला. रहाटीच्या कडेला सुरंगीची दोन झाडे भरफुलात होती, वास पाखाडीपर्यंत येत होता, आणि त्यांतल्या मोठीचा घेर होता २.१२ मीटर. सुरंगी फार सावकाश वाढते. तिच्यासाठी दोन मीटर म्हणजे सावरीच्या सहा मीटरइतके. तिला नियमाने वगळले तर नोंदवहीत फक्त भराभर वाढणाऱ्या झाडांची गर्दी होईल. म्हणून प्रत्येक जातीला वेगळी मर्यादा ठरवली: आंब्याला साडेतीन मीटर, किंजळ व ऐन यांना अडीच, सुरंगी, बकुळ आणि उंडी यांना पावणेदोन. हे आकडे आमच्या गावापुरते, समोर जी झाडे दिसली त्यांवरून ठरवलेले आहेत. ऑक्टोबरच्या यादीतून गाळलेली अकरा झाडे पुन्हा शोधत फिरावे लागले. गारंबीचा वेल मांडीएवढा जाड असला तरी तो झाड नव्हे, पण मुलांच्या आग्रहाखातर त्याला शेवटच्या पानावर जागा दिली.

बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली बियांचा आणि विष्ठेचा सडा दिसला. वर पाहिले तर ढोलीचे तोंड लिंपलेले होते आणि थोड्या वेळाने ककणेराचा, म्हणजे धनेश पक्ष्याचा, नर चोचीत फळे घेऊन आला. मादी आत स्वतःला कोंडून अंड्यांवर बसलेली असते आणि नर तिला फटीतून भरवतो. त्याने भिऊन येणे सोडले तर आतला सगळा संसार उपाशी मरतो. आम्ही पट्टी बाहेरही काढली नाही. बेहड्याची मोजणी पावसाळ्यानंतर.

३१ मार्च २०२४

शिमग्यात पालखीबरोबर फिरण्यात आठवडा गेला आणि काम झाले नाही. आज नकाशा केला. प्रत्येक झाडाजवळ मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपले होते. पुतण्याने ते संगणकात भरले आणि सगळी झाडे जयगडच्या समोर अरबी समुद्रात जाऊन उभी राहिली.

मोबाइल अंश आणि कला अशा रूपात माहिती देत होता, आणि आम्ही १७ अंश २९ कला हे १७.२९ असे भरले होते. एका अंशात ६० कला असल्यामुळे ते १७.४८ व्हायला हवे होते. एवढ्या चुकीने झाड एकवीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. सुधारणेला दोन रात्री गेल्या. दाट सावलीत मोबाइलची जागा पाच-सात मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे जवळजवळच्या दोन झाडांसाठी वहीत "गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कोपऱ्यापासून पूर्वेला नऊ पावले" असे शब्दांतही लिहितो.

१२ मे २०२४

गोरखचिंच पुन्हा मोजली: ९.१२ मीटर. नोव्हेंबरपेक्षा ४ सेंटिमीटर कमी. पहिला संशय पट्टीवर, दुसरा मुलांवर. दोघेही निर्दोष निघाले. या झाडाच्या मऊ लाकडात पाणी साठते आणि कोरड्या ऋतूत ते वापरले जाऊन बुंधा किंचित आक्रसतो. त्यामुळे अशा झाडाचा घेर कोणत्या महिन्यात घेतला हे लिहिले नाही तर पुढच्या मोजणीत झाड वाढले की नुसते पाणी प्यायले हे कळणार नाही.

चिरे आले. बारा चिऱ्यांना प्रत्येकी ४५ आणि आकडा कोरायला प्रत्येकी १५० असे २३४० रुपये, टेम्पोला ४०० रुपये. उरलेल्या झाडांसाठी पैसे नाहीत. आजवरचा एकूण खर्च ४४०० रुपये झाला, आणि त्यांतले रंगाचे ३१० पूर्ण वाया गेले.

वडाजवळ पाटी लावण्यास एका दात्याची तयारी होती, पण पाटीवर "५०० वर्षांपूर्वीचा वटवृक्ष" असे हवे होते. मी विस्तार, पारंब्यांची संख्या आणि मोजणीची तारीख एवढेच लिहिण्याचा आग्रह धरला. शहरी भागांसाठी २०२१ मध्ये कायद्यात जी सुधारणा झाली तीत ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले आहे, तेव्हा ५०० म्हटले तर बिघडले काय, असे ते म्हणाले. तो कायदा आमच्या ग्रामपंचायतीला लागू नाही, आणि पन्नासचे पाचशे करण्याची मुभा त्यात कुठेच नाही. पाटी लागली नाही. दाते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात.

२३ जून २०२४

क्रमांक २२, वाटेवरचा किंजळ, गुरुवारी रात्री वाऱ्यात पडला.

पडलेल्या झाडाची लांबी २२.९ मीटर भरली; गुण्याने आम्ही २३.५ लिहिली होती, म्हणजे सरळ झाडात ही रीत चालते. बुंध्याच्या मध्यभागी पोकळी होती, परंतु कडेचे लाकूड जागोजागी वीतभर जाड आणि टणक होते. झाड पोकळीमुळे पडले नाही. फेब्रुवारीत नळपाण्याच्या पाइपासाठी त्याच्या पश्चिमेला बुंध्यापासून दीड मीटरवर कमरेएवढा खोल चर खणला गेला होता, आणि त्या बाजूची मनगटाएवढी मुळे सरळ तोडलेली आता उघडी पडली. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, झाड पूर्वेला कोसळले; ज्या मुळांनी त्याला मागून ओढून धरायचे तीच नव्हती.

माझ्या वहीत ११ फेब्रुवारीच्या पानावर, उंचीच्या आकड्याशेजारी, "चरामुळे पश्चिमेकडून पट्टी नेता आली नाही" असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. मी चर पाहिला, त्याची अडचण नोंदवली आणि घेर घेऊन पुढे गेलो. त्या दिवशी काम करणाऱ्यांशी बोललो असतो तर चर दोन मीटर बाजूने नेणे अवघड नव्हते, पलीकडे मोकळी जमीन होती. नोंदवहीत आज नवा रकाना आखला: बुंध्यापासून पाच मीटरच्या आत सध्या काय चालले आहे. मग भर पावसात सर्व झाडांकडे फिरून तो भरला. सात ठिकाणी काही ना काही निघाले: बुंध्याला चिकटून घातलेला सिमेंटचा पार, जाळलेला कचरा, फांदीत रुतलेली तार, गडग्यासाठी उकरलेली माती. तार आणि माती त्याच आठवड्यात काढून घेतली. पाराचे बोलणे चालू आहे.

१० नोव्हेंबर २०२४

वर्ष झाले म्हणून पहिली दहा झाडे पुन्हा मोजली, या वेळी दोन तुकड्यांनी एकमेकांचे आकडे न पाहता. आंबा क्रमांक ४: एका तुकडीचे ५.०९, दुसरीचे ५.११. परसातला आंबा: ३.८८ आणि ३.८७. गोरखचिंच पुन्हा ९.१६. दोन तुकड्यांमधला फरक काही झाडांत ३ सेंटिमीटरपर्यंत गेला, म्हणजे वर्षभराची वाढ आमच्या हाताच्या चुकीपेक्षा लहान आहे आणि दरवर्षी मोजण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. रहाटीतला बेहडाही आज झाला, ४.७३ मीटर, ढोली रिकामी होती आणि तोंडाची लिंपण फुटलेली होती.

जांभ्यावर कोरलेल्या बारा आकड्यांपैकी पाच एका पावसाळ्यात शेवाळाने भरून वाचेनासे झाले. ते तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसले, पण कोरीव आकडा निदान बोटभर खोल हवा. चुन्याखालचा तांबडा रंग अपेक्षेप्रमाणे वर आला आहे.

वहीत आज ४१ झाडे आहेत, त्यांतले एक पडलेले. क्रमांक २२ दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही. पुढची मोजणी नोव्हेंबर २०२८ मध्ये, १.३७ ची काठी देवळाच्या माळ्यावर ठेवली आहे आणि पाच मीटरचा रकाना मात्र दर शिमग्याला आणि दर दिवाळीला भरायचा आहे.